थोरली, धाकटी आणि मधले सहा मिलिमीटर

"नेऽऽ! नाही! ही माझी गाडी नाही! कुणाची उचलून आणलीस?"

ब्याऐंशी वर्षांचा, काठी टेकत आलेला माणूस एवढ्या जोरात ओरडू शकतो, हे मला त्या मंगळवारी सकाळी कळलं. माझ्या शेडच्या फळीवरच्या रंगाच्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या. शेजारच्या बाईंचं मांजर कुंपणावरून थेट कालव्यात पडलं. स्किपोलला उतरायला आलेलं एक विमान घाबरून पुन्हा वर गेलं. माझी बायको वैशाली म्हणते, मांजर नुसतं दचकलं असेल आणि विमान आपल्या वेळेला उतरलं असेल. तिचं अर्धं आयुष्य सॉफ्टवेअरमधल्या चुका काढण्यात गेलंय, तिचं मनावर घेऊ नका. पण मेनेर डेक्कर (मेनेर म्हणजे आपलं 'श्रीयुत') ओरडले हे खरं. आणि ज्या गाडीवरून ओरडले ती त्यांच्याच दोन्ही तळहातांवर होती. हिरवी, कापडी छपराची, वीतभरसुद्धा नाही एवढी.

त्यांच्या मागे त्यांची मुलगी आनेके उभी होती. पंचावन्नच्या आसपासची, शाळेत शिकवणारी. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या हातातला चहा निवला. कारण शनिवारी गिऱ्हाईक येणार होतं, खऱ्या गाडीला. सोमवारी बाबांना हूफडॉर्पच्या वृद्धगृहातल्या खोलीत जायचं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गाडी चालवणं कधीच बंद केलं होतं, तरी किल्ली बाबांच्या खिशात होती आणि त्यांनी सगळ्यांना एकच अट सांगून ठेवली होती : आधी गाडीचं बरोबर मॉडेल, मग किल्ली. मॉडेल चुकलं तर मी गॅरेजमध्ये गाडीतच राहीन, जेवण तिकडं आणून द्या.

आणि मॉडेल करणारा मी होतो.

खेळण्यावरून एवढा दंगा कशाला, असं तुम्हाला वाटेल. म्हणून आधी धंदा समजावून सांगतो.

मी मूळचा कोल्हापूरचा, फाउंड्रीतला पॅटर्न मेकर. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी त्याची लाकडी प्रतिकृती करावी लागते. ती वाळूत दाबायची, काढून घ्यायची, उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. ती लाकडी प्रतिकृती म्हणजे पॅटर्न, आणि तो करणारा मी. माझ्या हातचा पॅटर्न एकदा एवढा तंतोतंत झाला की तपासनिसानं तो खरा भाग समजून मशिनला बसवला आणि मशिन तीन दिवस चाललं. बरं, तीन दिवस नाही. पण बसवला होता.

तर आमच्या त्या धंद्यात एक गंमत आहे. ओतलेला धातू थंड होताना आकसतो. म्हणून पॅटर्न मुद्दाम किंचित मोठा करायचा, आणि त्यासाठी आमच्याकडे वेगळी पट्टी असते. तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा जरासा मोठा असतो. म्हणजे खोटं बोलणारी पट्टी. पण किती खोटं बोलायचं ते ठरलेलं. माझे उस्ताद, बाळू मिस्त्री, पहिल्या दिवशी ती पट्टी माझ्या हातात देऊन म्हणाले होते, "पोरा, धातू आकसतो आणि माणूस फुगतो. दोन्हीची सूट धरून चालायचं बघ."

धातूची सूट मी बरोबर शिकलो.

पुढे वैशालीला इकडे नोकरी लागली आणि तिच्या मागोमाग मी हॉलंडमध्ये, अ‍ॅमस्टेलव्हीनला आलो. माझ्या कागदांवर मी 'पत्नीवर अवलंबून' होतो. कोल्हापुरात फोन करून मात्र मी सांगितलं, युरोपात मोटारगाड्यांच्या डिझाइनमध्ये आहे. त्यात खोटं काही नव्हतं. घरामागच्या सायकली ठेवायच्या शेडमध्ये मी गाड्यांची मॉडेलं दुरुस्त करायला लागलो होतो, आणि शेड युरोपातच होती.

हळूहळू इथल्या शौकिनांमध्ये नाव झालं. त्यातही माझी खासियत म्हणजे जोड्या. एकाच नावाच्या गाडीचा जुना अवतार आणि नवा अवतार, दोन्ही एकाच प्रमाणात, शेजारी शेजारी. रस्त्यावर हे दिसत नाही. जुनी गाडी तुम्हाला कधीतरी रविवारी दिसते, नवी रोज दिसते, आणि दोन्ही एकमेकींच्या अंगाला लागून उभ्या आहेत असं होत नाही. टेबलावर ठेवा, दोन्ही बरोबर अठरापट लहान केलेल्या, आणि मग बघा. जुनीच्या काचेचा खांब पेन्सिलीएवढा, नवीचा मनगटाएवढा. जुनीचं दार म्हणजे पत्रा आणि आतून पुठ्ठा. नवीचं दार तिजोरीचं. जुनीच्या समोर एकच तबकडी, तीही वेग सांगितला तर सांगितला. नवीच्या समोर दूरदर्शन. मी जुनीला थोरली म्हणतो आणि नवीला धाकटी. आणि प्रत्येक जोडीत नवलाची गोष्ट एकच, धाकटी थोरलीच्या सव्वापट असते. कंपन्यांची नावं लिहीत नाही. त्यांच्याकडे वकील आहेत आणि माझ्याकडे फक्त वैशाली.

या धंद्यातही खोटं लागतं, हे लोकांना पटत नाही. सगळं काटेकोर लहान केलं तर डोळ्याला ते चुकीचं दिसतं. आइंडहोवनचा एक इंजिनिअर होता, चिप बनवणाऱ्या मशिनांवर काम करणारा. त्यानं माझं मॉडेल परत आणलं; म्हणाला, वायपर जाड आहे, मी मोजलाय. मी म्हटलं, साहेब, मापात केला तर केसाहून बारीक होईल. म्हणाला, कर. केला. त्यानं तो भिंगातून पाहिला, खूश झाला, आणि शिंकला. तो वायपर आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून अजून शोधतोय. म्हणून वायपर जाड करायचा, दारांच्या फटी जरा खोल करायच्या, चाकांवरची कमान जरा उठावाची. ही सूट चालते. पण एक गोष्ट कधी करायची नाही, प्रमाण बदलायचं नाही. स्वस्त खेळणीवाले तेच करतात. सगळ्यांना एकच खोका, म्हणून ट्रकही तेवढाच आणि स्कूटरही तेवढीच. अशा मॉडेलांना मी नावं ठेवायचो, चारचौघांत, मोठ्या आवाजात.

आणि मेनेर डेक्करांच्या जोडीत मी तेच केलं.

ते पहिल्यांदा आले तेव्हा आनेकेनंच आणलं होतं. चाळीसएक वर्षं त्यांनी पोल्डरमधल्या, म्हणजे समुद्रपातळीच्या खालच्या जमिनीतल्या, पंपघरावर नोकरी केलेली. काम काय, तर पाण्याची पातळी मोजायची, वहीत लिहायची, त्याप्रमाणे पंप चालू-बंद करायचा. "एक सेंटीमीटर म्हणजे आमच्याकडे कुणाचं तरी तळघर," असं म्हणाले. आता नजरेच्या मधोमधचं दिसत नव्हतं. कडेकडेचं तेवढं दिसायचं. त्यामुळे माझ्याशी बोलताना ते माझ्या उजव्या कानाकडे बघायचे. थोरली त्यांच्याकडे अठ्ठेचाळीस वर्षं होती. धाकटी आनेके चालवायची. त्याच नावाची, तसेच गोल दिवे, तसंच हसरं तोंड.

"मला दोन्ही कर," म्हणाले. "खोलीला एकच खिडकी आहे. त्या खिडकीत ठेवायच्या. ही आणि ती. केवढी होती आणि केवढी झाली, ते कळलं पाहिजे."

"कुणाला?" मी विचारलं.

"मला," म्हणाले. "बाकी कोण येणार तिथं?"

आनेके खिडकीतून बाहेर आमच्या सायकली मोजत होती.

मी त्यांच्या गॅरेजमध्ये जाऊन दोन दिवस थोरलीची मापं घेतली. ते खुर्ची टाकून शेजारी बसायचे, प्रत्येक माप मोठ्यानं म्हणायला लावायचे. डाव्या दाराला एक पोचा होता. त्यांची बायको ट्रूस, आता नसलेली, हिनं बाजारात खांबाला ठोकली होती. "तो पण घे," म्हणाले. मी घेतला. मापं, फोटो, रंगाचा नमुना, उन्हानं विटलेलं बॉनेट, सगळं घेतलं. महिन्याभरात सांगाडा घडवला, रेझिनमध्ये ओतला. बरोबर अठरापट लहान. सीट वेगळ्या ओतून ठेवल्या. मग धाकटी केली, आणि दोघींना टेबलावर शेजारी ठेवलं.

खरं सांगतो, मला बघवेना.

धाकटी काळी, चकचकीत, छाती काढून उभी. आणि तिच्या शेजारी आमची थोरली, अजून रंग न लावलेली, करडी, खांद्यांत मान घालून. सत्तरीच्या आत्याबाई लग्नाच्या हॉलमध्ये कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतात आणि कुणी पाणीसुद्धा विचारत नाही, तशी. माझ्या मनात आलं, हा माणूस घर सोडणार, गाडी सोडणार, आणि उरलेले दिवस खिडकीत हा अपमान बघत बसणार? त्याला दिसतंय ते कडेकडेचं, त्यात ही बापडी दिसणार तरी का? आपल्यात पंगतीला बसताना थोरल्यांचा पाट वर असतो. मान असतो काही.

मी दुसरा सांगाडा केला. अठरापट लहान करायचा तो साडेसोळापट लहान. दीड सेंटीमीटरनं लांब, तेवढ्याच हिशेबानं रुंद. पोचाही त्याच हिशेबानं वाढला. आता दोघी शेजारी ठेवल्या तर थोरलीची मान वर आली. सीट आधीच ओतलेल्या होत्या, लहान मापाच्या. पुन्हा कोण ओतणार? त्याच बसवल्या, दारांना लागून. मध्ये सहा मिलिमीटर राहिले. म्हटलं, छपराखाली कोण बघतंय.

वैशाली संध्याकाळी चहा घेऊन आली, दोघींकडे बघून म्हणाली, "अहो, ही एवढी होती?"

"जवळपास," मी म्हटलं.

"तो माणूस पाणी मोजायचा, म्हणालात ना?"

"आता दिसत नाही त्याला."

ती कप ठेवून गेली. तिच्या न बोलण्याचा मला जास्त राग येतो.

तर तो मंगळवार. मेनेर डेक्करांनी काठी दाराला टेकवली, थोरली दोन्ही हातांत घेतली. डोळे त्यांनी छताकडेच ठेवले होते. अंगठे बॉनेटवरून, दिव्यांवरून, काचेवरून फिरत गेले. चेहरा मऊ होत गेला. मी मनात टाळ्यांची तयारी केली. मग डावा अंगठा दारावर आला, पोच्यात उतरला आणि थांबला.

"ट्रूसनं एवढ्या जोरात नव्हती ठोकली," ते म्हणाले.

"तेवढाच आहे, मेनेर. बोटांना मोठा लागतो."

"ती हळू चालवायची." पुन्हा अंगठा फिरवला. "एवढी वाईट नव्हती चालवत." मग म्हणाले, "छप्पर काढ."

छप्पर निघायचं तसं केलं होतं. मी काढलं. त्यांनी करंगळी आत घातली. स्टिअरिंग शोधलं. तिथून ड्रायव्हरच्या सीटवर आले. तिथून शेजारच्या सीटकडे जाताना करंगळीचं टोक मध्ये रुतलं. त्यांनी ते तसंच ठेवलं. मला वाटतं पूर्ण मिनिटभर. वैशाली असती तर पाच सेकंद म्हणाली असती. मग ते ओरडले. त्या ओरडण्याचं तुम्हाला आधीच सांगितलंय. विमान, मांजर वगैरे. ते आता राहू द्या.

"बाबा," आनेके म्हणाली, "शांतपणे. काय चुकलंय?"

"इथं जागा आहे."

"कुठं?"

"मध्ये. इथं जागा नव्हती."

मी काय करावं? खरं बोलावं. त्याऐवजी मी फळीवरची ती कोल्हापूरची जुनी पट्टी काढली, त्यांच्या हातात दिली आणि माझ्या मोडक्या डचमध्ये कीर्तन सुरू केलं. धातू कसा आकसतो, आमच्या फाउंड्रीत पट्टी कशी मोठी असते, घाईत माझ्या हातात चुकून हीच पट्टी कशी आली, आणि त्यामुळे बिचारी गाडी किंचित, अगदी किंचित वाढली. काय सांगू, मलाच पटायला लागलं होतं.

ते पट्टीच्या खाचा अंगठ्यानं मोजत शांतपणे ऐकत होते.

"ही पट्टी शंभराला किती वाढवते?"

"एक. फार तर दीड."

"मग बाकीचं कुणी वाढवलं?"

पलीकडे रस्त्यावर ट्राम वळली.

"मी," मी म्हटलं.

"का?"

मानपानाला डच शब्द मला माहीत नाही. असेल असंही वाटत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे मोठ्या माणसाला लहानासमोर लहान दिसू देत नाहीत. शेजारी ठेवल्यावर ती फार लहान दिसत होती, मेनेर. मला वाईट वाटलं.

त्यांनी माझ्या उजव्या कानाकडे पाहिलं. मग ते तिथल्या स्टुलावर बसले. गाडी मांडीवर होती, करंगळी अजून आतच होती.

"ती लहानच होती," ते म्हणाले. आवाज आता एवढा खाली आला होता की मला पुढे वाकावं लागलं. "त्यात आम्ही पाच जण बसून फ्रान्सला जायचो. वर तंबू. मागे ही आनेके आणि तिचे दोन भाऊ. पुढे मी आणि ट्रूस. गिअरचा दांडा समोरच्या फळीतून यायचा, दोन सीटच्या मध्ये काही नव्हतं. माझा खांदा आणि तिचा खांदा. वळण आलं की ती माझ्यावर यायची. सरळ रस्ता असला तरी यायची. कधी भांडण झालं तर लांब बसायला जागा नव्हती. एकदा इथून फ्रान्सच्या हद्दीपर्यंत आम्ही बोललो नाही, आणि सगळा वेळ तिचा खांदा माझ्या खांद्याला लागलेला. हद्दीवर तिला हसू आलं."

मग त्यांनी हनुवटीनं टेबलावरच्या काळ्या गाडीच्या दिशेनं खूण केली.

"आनेकेच्या गाडीत मध्ये अख्खं कपाट आहे. ती तिकडे बसते, मी इकडे. दोन खोल्यांत बसल्यासारखं. चांगली गाडी आहे. थंडीत आतून ऊबदार असते." त्यांनी करंगळी आतल्या आत हलवली. "पण तू ट्रूसला लांब बसवलंस."

आनेके एका गोंदाच्या बाटलीवरच्या सूचना वाचत होती. पाठ आमच्याकडे होती. त्या बाटलीवर चारच ओळी आहेत. मला माहीत आहे. तिला बराच वेळ लागला. मग वळून तिनं मला विचारलं, "शनिवारपर्यंत होईल?"

आजवर मी लोकांना किती वेळा 'होईल' म्हटलं असेल, त्यातलं अर्धं हवेत होतं. त्या दिवशी मी आधी खण उघडून पाहिला. पहिली, बरोबर मापाची थोरली तिथे होती. करडी, बिनरंगाची, एका जुन्या टॉवेलात. मग म्हटलं, "होईल."

ते गेल्यावर मी वाढवलेली थोरली उचलली. चांगली होती, हे लिहिलंच पाहिजे. रंग सुरेख बसला होता, आणि विटलेल्या बॉनेटसाठी मी तीन हिरवे मिसळून चौथा काढला होता. विकली असती तर कुणालाही कळलं नसतं. ती अजून माझ्याकडे आहे. सीट काढून घेतल्यावर मी तिच्यात रंगाचा फवारा साफ करायची सुई ठेवतो.

बुधवार ते शुक्रवार मी पुन्हा रंगवलं. घासायचं, फवारायचं, वाळू द्यायचं, पुन्हा घासायचं. पोचा या वेळी नखाएवढाच झाला. शुक्रवारी वैशाली घरूनच काम करत होती. दुपारी मीटिंग संपल्यावर शेडमध्ये आली. तिनं माझ्या हातून चिमटा घेतला आणि सीट तिनंच बसवल्या. पहिली दाराला लागून. दुसरी दाराला लागून. मध्ये कागद जाईना.

"लागल्या एकमेकींना," ती म्हणाली.

मग ती म्हणाली, "अहो, एक विचारू? कोल्हापूरवाल्यांसाठी अजूनही डिझाइनमध्येच आहात?"

"आता सगळ्यांना माहीत आहे शेड आहे ते."

"तुम्ही सांगितलंत?"

"नाही."

तिनं चिमटा फडक्याला पुसून जागेवर ठेवला. पस्तीस वर्षांत तिनं माझी कुठलीच वस्तू कधी चुकीच्या जागी ठेवली नाही.

शनिवारी सकाळी मी जोडी घेऊन बसनं त्यांच्या गावी गेलो. गॅरेजचं दार उघडं होतं, खरी थोरली बाहेर काढून धुतलेली. गिऱ्हाईक म्हणजे तिशीतलं एक जोडपं होतं, सायकलवरून आलेलं. ते गाडीभोवती फिरत होते आणि वाकून आत बघत होते, पण हात लावायला घाबरत होते. आनेकेनं सगळ्यांना कॉफी दिली, आणि प्रत्येकाला एक बिस्कीट. इथे एकच देतात.

मेनेर डेक्कर अंगणातल्या खुर्चीत बसले होते. मी थोरली त्यांच्या हातात दिली आणि गप्प उभा राहिलो. गप्प राहण्याचा मला सराव नाही. अंगठे बॉनेटवरून गेले. दारावर आले. पोच्यात उतरले आणि पुढे गेले. मी न सांगता छप्पर काढलं. करंगळी आत गेली. स्टिअरिंग. ड्रायव्हरची सीट. मग शेजारची. करंगळी एकीवरून दुसरीवर गेली, मध्ये कुठे थांबली नाही. त्यांनी ती पुन्हा मागे आणली. पुन्हा नेली.

"क्लॉप्ट," ते म्हणाले. म्हणजे, जुळतंय. पंपघराच्या वहीत रोज पातळी लिहून झाली की शेवटी हाच शब्द लिहायचे, असं आनेकेनं मला नंतर सांगितलं.

मग त्यांनी त्या जोडप्याला जवळ बोलावलं. दोघं येऊन समोर उभी राहिली, शाळेतल्या मुलांसारखी.

"तुम्ही भांडता का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातली मुलगी म्हणाली, "कधी कधी."

"बरं," म्हणाले, आणि खिशातून किल्ली काढून तिच्या हातात दिली. त्याच्या नाही, तिच्या.

गाडी निघाली तेव्हा ते बघत नव्हते. ऐकत होते. वळणापर्यंत, मग कालव्याच्या पुलावर, मग पलीकडे. आम्हाला आवाज यायचा बंद झाल्यावरही ते थोडा वेळ तसेच मान तिरपी करून होते.

धाकटीचं मॉडेल त्यांनी नेलं नाही. आनेकेला दिलं. "तुझ्याकडे खरी आहेच, पण ठेव," म्हणाले. मी म्हटलं, मेनेर, जोडी आहे, तुम्हाला दोन्ही हव्या होत्या, केवढी होती आणि केवढी झाली ते कळायला. म्हणाले, "कळलं."

सोमवारी त्यांना सोडून आल्यावर आनेकेचा फोन येणार होता. या हकिकतीसाठी मी एक शेवट तयार करून ठेवला होता, तुम्ही रुमाल काढाल असा. चांगला होता. तो आता लिहीत नाही.

फोन आला. खोली ठीक आहे, म्हणाली. खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे. थोरली त्यांनी स्वतः ठेवली, आनेकेला हात लावू दिला नाही. वाटेत मात्र पूर्ण वेळ मांडीवर होती.

"वाटेत काही बोलले का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "मागे बसले होते. मागे मध्ये कपाट नाही."